मनीषनगरच्या ताईंच्या घरातले पाच चहा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात पाच माणसं आणि पाच तऱ्हा. सासऱ्यांना अद्रकाचा कडक दुधाचा चहा लागतो आणि तो आठवड्यातून दोनदा फाटतो. मिस्टरांनी ग्रीन टी सुरू केला, पण तो इतका कडू होतो की अर्धा कप मोरीत जातो. सासूबाईंनी संध्याकाळी चहा घेतला की रात्रभर डोळा लागत नाही. तुमचं रक्त कमी निघालं आणि कुणीतरी सांगितलं की चहा बंदच करा. आणि पुण्याला शिकणारी मुलगी दर सुट्टीत हर्बल टीचा नवा डबा आणते. कॅमोमाईल झालं, जास्वंद झाली, आता निळा चहा आलाय. तुम्ही विचारलंत, यातला चांगला कोणता, आणि घरात एकच ठेवायचा तर कोणता ठेवू?

नागपूरच्या इतवारीत चहापत्तीच्या दुकानात माझी सव्वीस वर्षं गेली. त्याआधी दीड वर्ष सिलिगुडीला पत्ती चाखायला शिकलो. एवढ्या वर्षांत गिऱ्हाईक मला ‘कोणता’ हेच विचारत आलंय, आणि चहा बिघडतो तो ‘कसा’पाशी. तुमच्या घरातल्या बहुतेक तक्रारींत पत्तीचा काही दोष नाही. पाणी किती तापलं होतं, पान त्यात किती वेळ राहिलं, वर झाकण होतं की नाही, एवढंच बघायचं आहे. म्हणून एकच ठेवा असं मी सांगणार नाही. पाचही ठेवा, फक्त ज्याला जेवढा ताप लागतो तेवढाच द्या.

आधी एक घोळ मिटवू. दुधाचा चहा, ग्रीन टी, व्हाइट टी, ऊलाँग, दार्जिलिंग ही वेगवेगळी झाडं नाहीत. झाड एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. त्याचे दोन मुख्य प्रकार, चीनकडचा बारीक पानाचा आणि आसामचा रुंद पानाचा. तोडलेलं पान कोमेजू दिलं, चुरगाळलं आणि हवेवर ठेवलं की कापलेल्या सफरचंदासारखं ते काळपट पडत जातं. पुरतं पडू दिलं की काळा चहा, मध्येच थांबवलं की ऊलाँग, आणि तोडल्यावर लगेच ताप दाखवून ते काळं पडणंच रोखलं की ग्रीन टी. जपानमध्ये हा ताप वाफेने देतात, चीनमध्ये बहुतेक कढईत परतून. म्हणून जपानी पानाला उकडलेल्या पालेभाजीचा वास येतो आणि चिनी पानाला भाजल्याचा. व्हाइट टी म्हणजे कोवळे कळे, जवळजवळ नुसतेच सुकवलेले. मुलीने आणलेल्या कॅमोमाईल, जास्वंद, गोकर्ण यांत हे झाड मुळीच नाही. अन्न सुरक्षेच्या मानकांतही चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिसच. आपला गवती चहा हे खरोखर गवत आहे, नावात चहा असला तरी त्यात कॅफीन नाही. सासूबाईंच्या झोपेचं उत्तर तिथेच आहे, पण त्यांच्याकडे जरा मागाहून येतो.

सासऱ्यांचा चहा आधी घेऊ, कारण घरात सगळ्यात जास्त तोच होत असणार. ही पत्ती सीटीसी. पान दातेरी रुळांमधून चिरडून, फाडून, वळवून त्याचा दाणा करतात. १९३० च्या दशकात ही रीत आसामात निघाली आणि त्यानंतर आपल्याकडचा चहा झटपट रंग देणारा आणि स्वस्त झाला. थोडी जास्त माहिती झालेले लोक सीटीसीला हलकं समजतात, ते मला पटत नाही. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन चहाचा तुरटपणा धरून ठेवतं, त्यामुळे नाजूक पान दुधात बुडून जातं आणि सीटीसी मात्र दुधाला पुरून उरते. घरगुती मिश्रण करताना मी आसामचा दाणा कडकपणासाठी घेतो, उत्तर बंगालातल्या डुअर्सचा रंग आणि भरीवपणासाठी, आणि निलगिरीच्या डोंगरातली मूठभर पत्ती वासासाठी. टपरीवाले डस्ट, म्हणजे भुकटीसारखी बारीक पत्ती नेतात, कारण पत्ती जितकी बारीक तितका तिचा रंग लवकर उतरतो आणि त्यांना मिनिटाला चार कट द्यायचे असतात. घरी डस्ट नेऊ नका. ती गाळणीतून खाली येते, आणि दोन मिनिटं जास्त उकळली तर चहा कडू होतो.

आता फाटण्याचं. तुम्ही दूध नासकं निघालं समजून डेअरीवाल्याला बोलता, पण माझा संशय अद्रकावर आहे. ओल्या अद्रकात दुधातली प्रथिनं तोडणारं एक पाचक द्रव्य असतं. कच्चं अद्रक थेट दुधात पडलं आणि दूध हळूहळू तापत गेलं की ते द्रव्य आपलं काम करतं आणि दुधाचे कण सुटतात. पण उकळत्या पाण्यात ते टिकत नाही. म्हणून क्रम बदला. चार कप चहाला अडीच कप पाणी गंजात, म्हणजे पातेल्यात ठेवा, त्यात बोटाच्या पेराएवढं अद्रक ठेचून टाका, आणि पाण्याला पूर्ण उकळी येऊन ते तीन मिनिटं खळखळू द्या. मग चार चमचे पत्ती, आच बारीक, दोन मिनिटं. साखर. मग दीड कप दूध, पण ते दुसऱ्या गॅसवर आधी तापवलेलं. एकदा वर येऊ द्या, गॅस बंद करा, विलायचीचे दोन दाणे कुटून टाका आणि एक मिनिट झाकून ठेवा. विलायची सुरुवातीला टाकली तर तिचा वास स्वयंपाकघरात फिरतो, कपात येत नाही. गुळाचा चहा करायचा तर गूळ गॅसवर घालू नका. कपात गूळ घ्या, वर चहा ओता. आणि उन्हाळ्यात सकाळचं दूध दुपारपर्यंत ओट्यावर राहिलं असेल तर त्यात आंबटपणाची सुरुवात झालेली असते, तिथे अद्रकाला दोष देऊन उपयोग नाही.

अजनीला राहणारे एक रिटायर रेल्वेवाले काका माझ्याकडे दर महिन्याला यायचे. त्यांची तक्रार अशी की तुमची पत्ती पहिल्यासारखी राहिली नाही, वर साय धरते, रंग मेलेला येतो. दोन वेळा पत्ती बदलून दिली, तरी तेच. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, काका, पुढच्या वेळी येताना पाणी घेऊन या. त्यांनी बाटली आणली. दुकानातल्या शेगडीवर एका गंजात त्यांचं पाणी, दुसऱ्यात आमचं नळाचं. पत्ती एकच, वजन एकच, घड्याळ लावून चार मिनिटं. आमच्या पाण्याचा चहा लालसर, कपाचा तळ दिसेल असा. त्यांच्या पाण्याचा मातकट, आणि वर तेलाच्या तवंगासारखा पापुद्रा, चमचा फिरवला की तुकडे होऊन कडेला चिकटणारा. काका बघतच राहिले. “काऊन जी, बोअर मारली तेव्हापासूनच हे सुरू झालं ना बाप्पा,” म्हणाले.

जड पाण्यातला चुना आणि चहातली तुरट द्रव्यं एकत्र येऊन तो पापुद्रा धरतो. कोऱ्या चहात लिंबाचे चार थेंब पडले की तो विरघळून जातो, दुधाच्या चहात तो उपाय चालत नाही. पेंच आणि कन्हान नद्यांचं नळाचं पाणी आपल्या चहाला चांगलं आहे. बोअरचं पाणी चहाला वापरू नका. आरओचं वापरत असाल तर चहा स्वच्छ दिसतो, पण मला तो पोकळ लागतो. मी अर्धं आरओ आणि अर्धं नळाचं घेतो. मनीषनगरकडे बऱ्याच इमारतींत बोअरचं पाणी टाकीत मिसळतात, ते एकदा विचारून घ्या.

मिस्टरांचा ग्रीन टी. तुम्ही लिहिलंत की पाणी खळखळ उकळून त्यात पिशवी टाकता आणि ते दाढी करून येईपर्यंत ती तशीच राहते. कडूपणा तिथून येतो. ग्रीन टीत कडू-तुरट कॅटेचिन असतात, कॅफीन असतं आणि थियानिन नावाचं गोडसर द्रव्यही असतं. थियानिन कोमट पाण्यातही उतरतं. कडू द्रव्यं पाणी जितकं गरम तितकी भराभर उतरतात. ऐंशी अंशांच्या आसपास पाणी असेल तर गोडवा येतो आणि कडवटपणा बराचसा मागे राहतो. घरात थर्मामीटर नको. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटरवर आहे, इथे पाणी जवळजवळ नव्व्याण्णव अंशांना उकळतं. तीन कप उकळतं पाणी आणि एक कप माठातलं एकत्र केलं की ऐंशीच्या आसपास येतं. त्यात पत्ती दोन मिनिटं, आणि लगेच गाळायचं. पिशवी असेल तर काढून टाकायची, पिळायची नाही. पिळली की शेवटचा सगळा कडूपणा कपात येतो. सुट्टी पत्ती मिळाली तर तीच घ्या, आणि तेच पान दुसऱ्यांदा वापरा. दुसरा कप पुष्कळदा पहिल्यापेक्षा गोड लागतो. मे महिन्यात गरम नको वाटलं तर एक लिटर थंड पाण्यात दोन मोठे चमचे पत्ती टाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमध्येच, ओट्यावर नाही, आपल्याकडच्या उकाड्यात ओट्यावरचं पाणी सुरक्षित राहत नाही. सकाळी गाळून घ्या. मिस्टर साखर विसरतील असा चहा होतो.

एक मात्र स्पष्ट सांगतो. ग्रीन टीने पोट उतरत नाही. ‘स्लिमिंग टी’ म्हणून जे मिळतं त्यातल्या काहींत सोनामुखी असते. सोनामुखी जुलाबाचं औषध आहे. वजन कमी झालेलं दिसतं ते पाणी गेल्यामुळे, आणि रोज घेतली तर पोटात कळा येतात, आतड्यांना तिची सवय लागते. डब्यावर सोनामुखी किंवा सेन्ना वाचलं तर तो डबा परत ठेवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण दार्जिलिंगबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. २००४ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं ते भारतातलं पहिलं उत्पादन. आपल्या संत्र्याला ते २०१४ मध्ये मिळालं. मार्चच्या पहिल्या तोडणीचं पान हिरवट, फुलासारख्या वासाचं. मे-जूनच्या दुसऱ्या तोडणीला जो द्राक्षाकडे झुकणारा वास येतो, त्याला कारण एक बारीक हिरवा तुडतुडा. तो पानातला रस शोषतो, पान स्वतःला वाचवायला सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि तोच सुगंध कपात उतरतो. सिलिगुडीला शिकत असताना पहिल्यांदा हा चहा तोंडात घेतला तेव्हा त्यात काहीतरी मिसळलंय असंच मला वाटलं होतं. आणखी एक गंमत म्हणजे दार्जिलिंग दोन हजार मीटरवर, तिथे पाणी त्र्याण्णव अंशांनाच उकळतं. तिथला माणूस उकळतं पाणी सरळ पानावर ओततो आणि चहा बरोबर होतो. आपण नागपुरात तसंच केलं तर पान भाजतं. उकळल्यावर झाकण काढून मिनिटभर थांबा, मग ओता, तीन मिनिटांत गाळा, दूध नको. माझ्या दुकानात हा कप पहिल्यांदा घेणारा नागपूरकर बहुधा म्हणतो, हे तर पाणीच आहे. मी त्यांना तर्री पोहे खाऊन लगेच तो पिऊ नका असं सांगतो. तिखट जिभेला त्यातलं काही कळत नाही. सकाळी उपाशीपोटीही नको, दुपारी चारला घ्या.

ताप आणि वेळेचे नियम सगळीकडे सारखे नाहीत, हेही खरं. काश्मिरात नून चहाची हिरवी पत्ती चिमूटभर सोड्याबरोबर तास-तास उकळतात, पळीने वर उचलून पुन्हा ओततात, मग दूध आणि मीठ, आणि चहा गुलाबी होतो. तिथे उकळणं हाच गुण. तिथलाच कहवा मात्र केशर, विलायची, दालचिनी आणि बदामाचे काप घालून हलक्या हाताने करतात. मोरोक्कोत ग्रीन टीच्या गोळ्या वळलेल्या पत्तीत पुदिना आणि भरपूर साखर घालून कडूपणाला तोल देतात. तुर्कस्तानात एकावर एक दोन किटल्या असतात. वरच्या किटलीत जाड कोरा चहा, खालच्या किटलीत उकळतं पाणी, ज्याला जसा हवा तसा पातळ करून घ्यायचा. कोलकात्याला रस्त्यावर लिंबू आणि काळं मीठ घातलेला कोरा चहा मिळतो. तो माझ्या सगळ्यात आवडीचा, आणि तुमच्या सासऱ्यांना एकदा नक्की पाजा.

बशीत ओतून भुरका मारणाऱ्यांना आजकालची मुलं हसतात. चहा चाखणाऱ्यांचं कामच भुरक्याचं असतं. पांढऱ्या भांड्यात दोन ग्रॅमच्या आसपास पत्ती, उकळतं पाणी, पाच-सहा मिनिटं, मग चमच्याने जोरात ओढून तो घोट टाळूवर उडवायचा. वास नाकामागे पोचतो तो त्यामुळेच. आणि बशीने चहा निवतो, हा वेगळा फायदा. पासष्ट अंशांपेक्षा जास्त गरम पेयं अन्ननलिकेला घातक असण्याची शक्यता बरीच आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली म्हटलंय. सासरे वाफाळता कप तोंडाला लावत असतील तर त्यांच्यासाठी बशी काढा.

तुमच्या रक्ताचं. चहा बंद करायची गरज नाही, वेळ बदला. भाजी, डाळ, ज्वारी यांतलं लोह चहातल्या तुरट द्रव्यांना चिकटून बसतं आणि शरीरात शोषलं जात नाही. म्हणजे जेवणावर लगेच घेतलेला चहा जेवणातलं लोह वाया घालवतो. जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा नको, ग्रीन टीही नको. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. जेवणात लिंबू पिळा, हिवाळ्यात जेवल्यावर एक संत्रं खा, त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. आपल्याकडे पाहुणा जेवून उठला की लगेच “चहा मांडू का जी?” होतं. प्रेमानेच विचारतात, पण घरातल्या बायकांसाठी तरी तासाभराने मांडा.

आता सासूबाई, आणि मुलीचे डबे. शरीरात गेलेलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, वय झालं की अनेकांना त्याहूनही जास्त. संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकराला अर्धा तसाच असतो. दुपारी तीननंतर त्यांना पत्तीचा चहा नको. पण संध्याकाळी चार बायका बसल्या की हातात गरम कप लागतोच, तो कोण काढून घेईल? कप तोच ठेवायचा, त्यातलं पान बदलायचं.

इथे आयुर्वेदाने फार पूर्वी करून ठेवलेली विभागणी मला रोज कामी येते. वनस्पतीतून गुण काढायच्या पाच रीती त्यात सांगितल्या आहेत, त्यातल्या तीन तुमच्या स्वयंपाकघरात लागतील. फांट म्हणजे गरम पाणी ओतून, झाकून, थोड्या वेळाने गाळणं. क्वाथ म्हणजे काढा, पाणी आटेपर्यंत उकळणं. आणि हिम म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवणं. ज्या वनस्पतीचा गुण वासात आहे, म्हणजे पानं आणि फुलं, तिचा फांट करायचा. ज्याचा गुण लाकडात बसलेला आहे, म्हणजे मुळं, साली, सुंठ, तिचा काढा. आणि जे थंडावा द्यायला घेतो, म्हणजे वाळा, धणे, त्याचा हिम. लोक तुळस वीस मिनिटं उघडी उकळतात आणि सुंठीवर नुसतं गरम पाणी ओततात. मग तुळशीचा वास छताला जातो आणि सुंठीचा गुण सुंठीतच राहतो.

गवती चहाची चार पाती कात्रीने बारीक कापा, हातात जरा चुरगाळा, चिनी मातीच्या कपात घाला, वर उकळतं पाणी, आणि लगेच ताटली झाका. सात मिनिटांनी ताटली उचला. तिच्या आतल्या बाजूला जे थेंब जमलेले असतात ते कपात झटका, वासाचं तेल त्यांतच असतं. पाच-सहा तुळशीची पानं त्यातच चालतात. हा सासूबाईंचा संध्याकाळचा कप. मुलीचं कॅमोमाईलही असंच झाकून, पाच मिनिटं. कुणाला शेवंती-झेंडूच्या जातीच्या फुलांची ऍलर्जी असेल तर कॅमोमाईल नको, ते त्याच कुळातलं आहे.

मुलीच्या ‘जास्वंद टी’चा डबा उघडून बघा. गडद लाल, मांसल, आंबट पाकळ्यांसारखं काहीतरी असेल. ती देवाला वाहतो ती जास्वंद नाही. ती आपली अंबाडी आहे, लाल बोंडांची. विदर्भात आपण तिच्या पानांची भाजी कण्या घालून करतो, फुलांचं सरबत आणि जेली करतो. इजिप्तमध्ये हीच बोंडं सुकवून करकदे नावाने पितात, गरमही आणि गारही. हिवाळ्याच्या सुरुवातीला बाजारात ताजी बोंडं मिळतात, आतली बी काढून सावलीत सुकवली की वर्षभर पुरतात. एक मोठा चमचा सुकी बोंडं, एक कप गरम पाणी, पाच मिनिटं, थोडा गूळ. रंग माणकासारखा. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात करा, ॲल्युमिनियममध्ये आंबट वस्तू नको. रक्तदाब थोडा उतरतो असं अभ्यासांत दिसलंय, म्हणून सासरे बीपीची गोळी घेत असतील तर रोज देण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि डब्याला पैसे घालवू नका, बोंडं भाजीबाजारातून आणा.

निळा चहा म्हणजे गोकर्ण. तुमच्या कुंपणावर नसेल तर शेजाऱ्यांच्या नक्की असेल. चार-पाच फुलं, हिरवा देठ काढून, गरम पाण्यात. तीन मिनिटांत पाणी शाईसारखं निळं होतं, लिंबाचा थेंब पडला की जांभळं. चवीला तो जवळजवळ काहीच नाही. त्यात गवती चहाची दोन पाती घातली की पिण्यासारखा होतो. लहान मुलं घरी आली की त्यांच्यासमोर करा.

संत्र्याच्या सालीबद्दल नागपूरकराने तरी बोलायला हवं. चीनमध्ये ग्वांगडोंग भागात शिनहुई इथे संत्र्याच्या जातीच्या फळाची साल वर्षानुवर्षं मुरवतात, ती जितकी जुनी तितकी महाग. आपण किलोकिलोने संत्री खाऊन साल कचऱ्यात टाकतो. ओळखीच्या बागेतलं, फवारा न मारलेलं फळ मिळालं तर मिठाच्या पाण्यात धुवा, साल सोलून आतला पांढरा भाग चमच्याने जरा खरवडा आणि डिसेंबरच्या कोरड्या हवेत पाच-सहा दिवस सावलीत वाळवा. बोटात कडकन मोडली पाहिजे. मग काचेच्या बरणीत. दोन तुकडे, दालचिनीचा बोटभर तुकडा, दोन कप पाणी, दीड कप होईपर्यंत उकळायचं. दालचिनी लाकूड आहे म्हणून उकळायचं, आणि सालीचा वास जाऊ नये म्हणून झाकण ठेवायचं. दुधाच्या चहात ही साल घालू नका.

उन्हाळ्यात मात्र हिम. वाळ्याची जुडी स्वच्छ धुऊन माठात सोडा, किंवा एक चमचा धणे ठेचून पेलाभर पाण्यात रात्री भिजवा, सकाळी गाळून खडीसाखर घाला. कुलरच्या ताट्यांतला वाळा पिण्यासाठी वापरू नका, त्याला धूळ असते आणि रंगही दिलेला असू शकतो. पंचेचाळीस अंशांत दुपारी हा पेला पाजून बघा, सासरे चहा मागायचं विसरतील.

काढ्यांबद्दल थोडं जपून. करोनाच्या काळात लोक गुळवेल रोज, महिनोन्‌महिने घेत होते, आणि यकृताला त्रास झालेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले. त्यावर वादही झाला, पण यकृताचं दुखणं असलेल्याने ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं, बीपीवाल्यांच्या काढ्यात ज्येष्ठमध नको. सर्दीचा काढा चार-पाच दिवस, सर्दी गेली की बंद.

चहा दुसऱ्याचा वास फार लवकर पकडतो. दुकानाच्या पहिल्याच वर्षी माझ्या चार पेट्या एका ट्रकवाल्याने लसणाच्या पोत्यांवर रचून आणल्या. वरून कागद, आत पन्नी, सगळं शाबूत. पेटी उघडली आणि लसूण. महिनाभर उघडी ठेवूनही वास गेला नाही, चारही पेट्या फेकाव्या लागल्या. तेव्हापासून मी घरी मसाल्याच्या कपाटात चहाचा डबा कुणाला ठेवू देत नाही. घट्ट झाकणाचा, उजेड न जाणारा डबा, गॅसपासून लांब, कोरडा चमचा. पावसाळ्यात पावशेरापेक्षा जास्त पत्ती घेऊ नका.

सुट्टी पत्ती घेताना रंगाची शंका आली तर ओल्या टिपकागदावर चिमूटभर पसरा. रंग दिलेल्या पत्तीचे लगेच तांबडे-पिवळे ओघळ येतात. साध्या थंड पाण्यात टाकली तरी खरी पत्ती हळूहळू रंग सोडते, रंगवलेली पडताक्षणी.

यादी म्हणाल तर सासऱ्यांना मध्यम दाण्याची सीटीसी अर्धा किलो, मिस्टरांना शंभर ग्रॅम सुट्टा ग्रीन टी. बाकी गवती चहा कुंडीत लावा आणि अंबाडी बाजारातून आणा. इतवारीकडे आलात तर तुमच्या टाकीतलं पाणी एका बाटलीत भरून आणा. शेगडी दुकानात असतेच, दोन गंज शेजारी ठेवून दोन्ही पाण्यांचा चहा करू.